शेवटच्या रांगेतला कान

त्या बाईला सगळं गाव कानमावशी म्हणायचं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती इकडेतिकडे बघायची, हे कुणाला बोलावतायत म्हणून. हे नाव पडलं ते नवऱ्याच्या धंद्यामुळे. नवरा भोंगेवाला. लाऊडस्पीकरचे भोंगे, लोखंडी खांब, अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि वायरींची भेंडोळी हा त्याचा संसार, आणि त्यातून उरेल तेवढी जागा बायकोला. हे तिचं म्हणणं, माझं नाही. गावात सभा कुणाचीही असो, सत्तेवरच्यांची, सत्ता गेलेल्यांची किंवा सत्तेचं तोंडही न पाहिलेल्यांची, भोंगे याचेच. आणि मैदानाच्या पार टोकाला, शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीवर ही.

कामाची रीत अशी होती. भोंगेवाला स्टेजवरून माइकमध्ये विचारायचा, "हॅलो, हॅलो, मागे पोचतंय का?" आवाज नीट पोचला की मावशी उजवा हात सरळ वर करायची. खरखर असली किंवा पोचतच नसला तर हात आडवा हलवायची. मग तो खाली उतरून वायरी चाचपायचा, भोंग्याचं तोंड जरा फिरवायचा, आणि पुन्हा हॅलो. तिचा हात वर गेल्याशिवाय त्याने कधी कुणाच्या हाती माइक दिला नाही. एकदा एक पुढारी चिडून म्हणाला होता, "मी बोलायचं की नाही हे आता तुझी बायको ठरवणार का?" भोंगेवाला शांतपणे म्हणाला, "बोला की साहेब. पण मागे ऐकू जाणार नसेल तर घरात बसून बोललात तरी चालेल." हळूहळू गावाला याची इतकी सवय झाली, की पाहुणे स्टेजवर बसले की पुढच्या रांगेतले लोकसुद्धा माना वळवून मागे बघायचे, मावशीचा हात कधी वर जातोय म्हणून.

एका जागी बसून इतकी वर्षं भाषणं ऐकलेल्या बाईला देशाचं सगळं राजकारण तोंडपाठ असेल, असं तुम्हाला वाटेल. छे. तिला एवढंच सांगता यायचं, की पूर्वीची भाषणं भयंकर कंटाळवाणी असायची. नळ, रस्ता, दवाखाना, पुन्हा नळ. हात वर करून झाला की ती खुशाल डुलकी काढायची. मग कधीतरी भाषणांतून नळ गेला आणि शत्रू आला. आधी तो सरहद्दीपलीकडचा होता, मग शेजारच्या प्रांतातला झाला, मग शेजारच्या गल्लीतला. डुलकी काढायची सोय राहिली नाही. निवडणूक एकदा पुढे ढकलली, तेव्हा निदान काहीतरी कारण दिलं. दुसऱ्यांदा ढकलली तेव्हा तेवढी तसदीही कुणी घेतली नाही. गॅरेजवाला रोज सकाळी दुकानासमोर उभा राहून मोठ्याने पेपर वाचायचा, तो आता पेपराची घडी करून खिशात ठेवू लागला. कुणी काही विचारलं की दोन्ही तळवे पसरून दाखवायचा. "आपल्या हातात काय आहे?" हे त्याचं पालुपद. त्याचंच कशाला, अख्ख्या गावाचं. मावशीही तेच म्हणायची, आणि म्हणताना तिला स्वतःचीच इतकी चीड यायची की घासायची भांडी जरा जास्तच आपटली जायची.

शेवटी एकच चीज उरली होती, गावाची नगरपालिका. तिथे मत देता येत होतं. तिथले नगरसेवक काही देवमाणसं नव्हती, एकेक नमुने होते. पण ते हाताशी होते. गल्लीतल्या उघड्या गटारात शिंपीणबाईंचा नातू पडला होता, तेव्हा मावशी आणि शिंपीणबाई भल्या सकाळी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसल्या. तो तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. या दोघींनी त्याला चूळसुद्धा भरू दिली नाही. आठवडा उलटायच्या आत गटारावर झाकण बसलं. आता राजधानीतल्या माणसाच्या दारात कोण जाऊन बसणार? आणि सरकारने तर ठरवलं होतं की सगळ्या गावांच्या नगरपालिका बंद करायच्या आणि राजधानीतून एकेक प्रशासक पाठवून द्यायचा.

त्यासाठी एक जुना कायदा होता, तो मोडायचा तेवढा राहून गेला होता. ठराव उघड्या मैदानात लोकांसमोर वाचायचा, लोकांना विचारायचं, लोक हो म्हणाले की झालं. आजूबाजूच्या गावांत हे उरकलंही होतं. पुढच्या रांगांत बाहेरून आणलेली माणसं बसायची आणि घसा फोडून हो म्हणायची. कॅमेरे फिरत असायचे. नाही म्हणणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्यात यायचं. पलीकडच्या गावात एक म्हातारा पोस्टमन उभा राहून एकटाच नाही म्हणाला होता. त्याच्या मुलाची नोकरी गेली, आणि म्हातारा आता घराबाहेर पडत नाही असं ऐकू येत होतं. पेपरात आलं होतं, 'सर्वानुमते.'

ठरावाची ही सुनावणी आता आपल्या गावात आहे आणि भोंगे आपलेच आहेत हे कळलं, तेव्हा मावशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे काम घेऊ नका."

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल," तो म्हणाला. वायर कोपरावर गुंडाळत होता. "त्याचा आवाज फाटका असेल. एवढाच फरक."

"आपली नगरपालिका जातेय, आणि तुम्हाला आवाजाची पडलीय!"

"अगं, आपण आवाज पोचवतो. काय बोलायचं ते आपण ठरवत नाही. माझ्या भोंग्याबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही, ते तुला माहितेय."

माहीत नसायला काय झालं? हे वाक्य ती लग्नापासून ऐकत होती. माणूस तसा गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भोंग्यांचा विषय निघाला की छाती दोन बोटं वर यायची. ती भांडी घासायला गेली. त्या दिवशी मात्र एक भांडं फुटलं.

सुनावणीच्या सकाळी मैदान भरून गेलं. पुढे आणलेली माणसं, मागे गाव. मंत्री वेळेवर आला, म्हणजे आश्चर्यच. पण त्याला दुपारी पुढच्या गावात हाच उद्योग करायचा होता. सोबत सुनावणीचा अधिकारी होता, सडपातळ आणि घाबरट, सारखा आपल्या कागदांना चिमटा लावणारा. भोंगेवाल्याने विचारलं, मावशीचा हात वर गेला, आणि अधिकाऱ्याने ठराव वाचायला सुरुवात केली.

तेवढ्यात खुर्च्यांचा ट्रक मागे घेताना चाकात वायर अडकली आणि मागचा भोंगा मुका झाला. मावशीने सवयीने हात आडवा हलवला. गॅरेजवाला ओरडला, "ऐकू येत नाही!" त्याच्यामागून आणखी दोघेचौघे ओरडले. ते खरंच होतं, त्यात काही डावपेच नव्हता. अधिकारी थांबला. भोंगेवाला चप्पल हातात घेऊन धावत आला, वायर जोडली, आणि तसाच धावत स्टेजकडे गेला. सभा चालू असताना त्याच्या भोंग्याने मान टाकली असं आजवर कधी झालं नव्हतं. माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

भोंगा जिवंत झाला, आणि त्यातून पहिली जी वाक्यं आली ती अधिकाऱ्याची. माइक चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो मंत्र्याला समजावत होता, "नाही साहेब, मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर वाचन झालं असं धरता येत नाही. नियमच आहे. खोटं लिहिलं आणि उद्या वरून कुणी विचारलं, तर माझी मान जाईल."

शब्द कसे खणखणीत आले! मावशीचा हात वर जायला निघाला होता. तो निम्म्यात थांबला. तिने त्याच हाताने चष्मा सारखा केला आणि हात मांडीवर ठेवला.

आपण हे काय करतोय, हे तिला पुरतं कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की नाही म्हणायचं नाहीये. फक्त हात खाली ठेवायचाय. त्याबद्दल कोण कुणाला काय करणार?

"काय मावशी?" शेजारी बसलेल्या शिंपीणबाई पुटपुटल्या. "येतंय की स्वच्छ."

"मला नाही येत," मावशी समोर बघत म्हणाली.

शिंपीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे पाहिलं. ती बाई कापडाला कात्री लावायला अर्धा दिवस विचार करते. पण इथे तिला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागला नाही. "अगंबाई," ती म्हणाली, "मलाही नाही येत."

ते पुढच्या रांगेत गेलं. तिथून त्याच्या पुढच्या. कुणी वळून बघत नव्हतं, कुणी बोलतोय असंही दिसत नव्हतं, पण मावशीला समोरच्या पाठी एकेक करून ताठ होताना दिसत होत्या. स्टेजवरून भोंगेवाल्याने विचारलं, "हॅलो, मागे पोचतंय का?" आणि सगळं मैदान असं बसून राहिलं, जसं काही कुणी काही बोललंच नाही.

आवाज वाढवला. माइक बदलला. एक तरुण कार्यकर्ता शर्टाच्या बाह्या वर करत मागे आला आणि मावशीपुढे उभा राहिला. "काय मावशी, ऐकू येतंय ना?"

"तुमचं येतंय बाबा," मावशी म्हणाली. "त्यांचं नाही येत."

मागच्या रांगांत कुणीतरी खोकल्याची उबळ आली असं दाखवलं. हसू दाबण्याचा तो एकच मार्ग होता. तोंडात रुमाल कोंबलेले, ओठ चावणारे, जमिनीकडे टक लावून बसलेले, सगळे एका खोड्यात अडकले होते. हसलं की मेलं. टाळी वाजवली की मेलं. आणि कितीतरी दिवसांत त्या गावाला इतकं हसू आलं नव्हतं!

मंत्री काही लेचापेचा नव्हता. असल्या सभांत त्याचे केस पिकले होते. त्याने माइक ओढून घेतला, गोड हसला आणि म्हणाला, "ज्यांना ऐकू येत नाहीये, त्यांनी हात वर करा बघू!"

आणि गॅरेजवाल्याचा हात वर निघाला! गेली कित्येक वर्षं आपल्या हातात काय आहे असं विचारणारा हा माणूस, आणि नेमका आज त्याला हात सापडला. शिंपीणबाईंनी पुढे झुकून त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि असा हिसका दिला की शिवण उसवल्याचा आवाज आला. गॅरेजवाल्याने त्या हाताने डोकं खाजवलं, मग मान खाजवली, मग काय करावं न सुचून कान खाजवला. बाकी मैदानात एक हात हलला नाही.

मग मंत्र्याच्या माणसाने माइकमध्ये जीव तोडून आरोळी ठोकली, "साप! साप! मागच्या खुर्च्यांखाली साप!"

मावशीच्या पायातून मुंग्या मस्तकापर्यंत गेल्या. साप खरा नाही हे तिला कळत होतं, पण तिच्या पायांना कळत नव्हतं. तिने दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या. शिंपीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मैदानावर एकाही पायाने जमीन सोडली नाही. पुढच्या आणलेल्या माणसांतला एक तेवढा टुणकन खुर्चीवर चढला. मावशीच्या अंगातून काहीतरी सळसळत वर आलं. भीती होतीच, पण त्याच्या वर चढलेला आनंद होता. सगळे! सगळे आहेत! ती एकटी नव्हती, कधीच नव्हती, आणि हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

तेवढ्यात मंत्र्याने भोंगेवाल्याला पुढे बोलावलं. त्याचं बोलणं माइकमधूनच येत होतं, म्हणजे पुन्हा खणखणीत. "काय रे, तुझा माल खराब आहे, की ही माणसं?"

मावशीचा आनंद जागच्या जागी विरला. या सगळ्या धांदलीत तिने नवऱ्याचा विचारच केला नव्हता. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. जन्मभर ज्या गोष्टीवर तो जगला तिचं तिने भर मैदानात, सगळ्या गावासमोर, मंत्र्यासमोर नाक कापलं होतं. आणि तो काही बहिरा नव्हता. भोंग्याचा आवाज मैदानामागच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत येताना त्याला तिथे ऐकू येत असणार. आपला माल चोख आहे हे त्याला पक्कं माहीत असणार. त्याने एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, माझा आवाज पोचतोय," की खेळ खलास. शिवाय खोटं कुणी सुरू केलं हेही सगळ्यांना कळणार. पोस्टमनचा मुलगा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

भोंगेवाला स्टेजच्या कडेशी आला. तो लांबून मागे बघत होता. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"साहेब, यांनाच मागे जाऊन ऐकू द्या," अधिकारी म्हणाला. त्यालाही एकदाची सुटका हवी होती. "हे जाणकार आहेत. हे म्हणतील ते मी लिहितो."

"जा," मंत्री म्हणाला. "आणि तिथून मोठ्याने सांग."

भोंगेवाला स्टेजवरून उतरला आणि मधल्या वाटेने चालू लागला. तो जसा पुढे येत होता तशा दोन्ही बाजूंच्या माना वळत होत्या. मावशीला वाटलं, उठावं आणि अर्ध्या वाटेत गाठून सगळं सांगावं. पण उठलं तर सगळ्यांना कळलं असतं. तो आला. कपाळावर घाम, बोटांना वायरीची काळी धूळ. शिंपीणबाईंनी उठून आपली खुर्ची त्याला दिली. तो बसला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं नाही. आता तिला फक्त एवढंच वाटत होतं, की काय सांगायचं ते त्याचं त्याने ठरवावं. ते ठरवायचा हक्क तिने सकाळीच त्याच्याकडून न विचारता घेऊन टाकला होता.

स्टेजवर मंत्री माइक घेऊन उभा होता. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो, हॅलो. मागे पोचतंय का?"

देशाचा मंत्री आपल्याला विचारतोय, मागे पोचतंय का! त्याही स्थितीत मावशीला हसू फुटायला आलं.

भोंगेवाल्याने डोळे मिटले होते. मान किंचित तिरकी, जशी तो घरी एखादं यंत्र दुरुस्त झाल्यावर करायचा. "हॅलो," पुन्हा आलं, "हॅलो." प्रत्येक अक्षर सुटं आणि गोल. त्याने डोळे उघडले. एकदा गॅरेजवाल्याच्या उसवलेल्या बाहीकडे पाहिलं, शिंपीणबाईंकडे पाहिलं, बायकोच्या मांडीवर घट्ट दाबून ठेवलेल्या हाताकडे पाहिलं. मग उठला, दोन्ही पंजे तोंडाशी धरले, आणि ज्या माणसाला जन्मात कधी माइकशिवाय मोठ्याने बोलायचं कारण पडलं नव्हतं तो पोटातून ओरडला.

"नाही येत, साहेब! काही ऐकू येत नाही! माझे भोंगे बिघडलेत!"

मैदान फुटलं. हे तर भोंग्यातून आलेलं नव्हतं! हे ऐकू येण्याला कुणाची बंदी नव्हती! सकाळपासून कोंडलेलं सगळं हसू, सगळ्या टाळ्या, शिट्ट्या एकदम सुटल्या. खुर्च्या वाजल्या. गॅरेजवाला दोन्ही हात वर करून नाचला, आता त्याला कुणी अडवलं नाही. कॅमेरे फिरत होते, पण फिरून फिरून दाखवणार काय? सगळ्या गावाचं तोंड? स्टेजवर अधिकारी मान खाली घालून भराभरा लिहीत होता. मंत्री त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता आणि तो मानेनेच नाही नाही करत होता. थोड्या वेळाने मोटारी सुरू झाल्याचे आवाज आले.

"पुढच्या वेळी स्वतःचे भोंगे घेऊन येतील," शिंपीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "आणि तुमच्या यांनाही सोडायचे नाहीत."

"येऊ देत," मावशी म्हणाली. "मागच्या रांगेत तेव्हाही आपणच असू." असं म्हटलं खरं, पण तिला भीती वाटत होतीच. नगरपालिका वाचली असं कुणीच म्हणत नव्हतं. आज गेली नाही, एवढंच.

लोक उठून मागे यायला लागले, कुणी भोंगेवाल्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कुणी त्याचे हात हातात घेत होतं. तो मात्र खुर्चीत खाली बसला होता. मावशीने पाहिलं तर त्याचे डोळे भरून आले होते. ती वाकून म्हणाली, "अहो, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

तो ते ऐकतच नव्हता. समोरच्या खांबावरच्या भोंग्याकडे बघत होता. मग आजूबाजूला कुणाचं लक्ष नाही असं बघून तो तिच्या कानाशी आला.

"काय स्वच्छ येतो गं आवाज इथे," तो म्हणाला. "शब्दन्‌शब्द येतो. मी कधी इथे बसलोच नाही."

मावशीने नवऱ्याचा धुळकट हात आपल्या हातात घेतला.

"मग?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी हात खोटा वर करत होते की काय?"